भाड्याच्या बंगल्याचा पावसाळी हिशेब

बंगला भाड्याने देताना देखभालीचा खर्च बहुतेक वेळा क्षेत्रफळ आणि फर्निचर पाहून धरला जातो. उष्ण आणि पावसाळी हवामानात मात्र हा खर्च मुख्यतः पाण्यावर ठरतो: ते किती पडते, कुठून वाहून जाते आणि कुठे अडकते. पुण्यात वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. सुमारे 65 किलोमीटरवरच्या लोणावळ्यात तोच आकडा 4,000 च्या पुढे जातो. घाटमाथा ढग अडवतो आणि पुणे पर्जन्यछायेत राहते. 150 चौरस मीटरच्या गच्चीवर पुण्यात वर्षभरात साधारण एक लाख लिटर पाणी पडते, लोणावळ्यात सहा लाख, म्हणजे दहा हजार लिटरचे साठ टँकर. कोथरूडच्या बंगल्याचा अनुभव गाठीशी असलेल्या मालकाने तोच अंदाज लोणावळ्याच्या किंवा मुळशीच्या व्हिलाला लावला, तर दोन पावसाळ्यांत हिशेब कोलमडतो.

गच्ची हे या घराचे सर्वांत नाजूक अंग. तिचे नुकसान पावसाच्या आधी, उन्हाळ्यातच सुरू होते. काँक्रीट दर अंश सेल्सिअसला लांबीच्या सुमारे एक लाखांशाने प्रसरण पावते. दहा मीटर लांबीचा स्लॅब 30 अंशांनी तापला की तो सुमारे तीन मिलिमीटर लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. एप्रिल-मेमध्ये ही ओढाताण रोज चालते. त्यातून केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला की पाणी नेमके तिथूनच शिरते. यावर आपल्याकडचा जुना आणि अजूनही चांगला उपाय म्हणजे ब्रिकबॅट कोबा: विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून पन्हाळीच्या दिशेने उतार द्यायचा आणि वर गुळगुळीत थर ओढायचा. दर मीटरला एक सेंटिमीटर हा किमान उतार. वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक केला तर ऊन परावर्तित होते, स्लॅब कमी तापतो आणि भेगाही कमी पडतात. कोबा नीट आहे का, हे मे महिन्यात तपासता येते. पन्हाळीचे तोंड बंद करून गच्चीवर काही इंच पाणी भरायचे, एक-दोन दिवस तसेच ठेवायचे आणि खालच्या छताला ओल येते का ते पाहायचे. या चाचणीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तरीही ती क्वचितच केली जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

भेगेतून शिरलेले पाणी स्लॅबमधल्या सळईपर्यंत पोहोचते. ताज्या काँक्रीटचा पीएच 12.5 ते 13 असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर एक पातळ संरक्षक पापुद्रा तयार होतो आणि गंज धरत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून काँक्रीटमधल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे कॅल्शियम कार्बोनेट करतो. पीएच 9 च्या खाली उतरतो आणि पापुद्रा टिकत नाही. ही क्रिया सर्वांत वेगाने होते ती हवेतली आर्द्रता 50 ते 70 टक्के असताना. गंजाला मात्र भरपूर ओल लागते. पुण्याच्या पट्ट्यातल्या हवेत दोन्हींची सोय आहे: कोरड्या महिन्यांत वायू आत शिरतो, पावसाळ्यात गंज वाढतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे स्लॅबच्या खालचे काँक्रीट फुगते आणि त्याचे पोपडे सुटतात. पोपडा पडला म्हणून नुसता गिलावा करून रंग मारणे हा पैशाचा अपव्यय आहे, कारण आतला गंज तसाच वाढत राहतो. डच अभियंते डी सिटर यांनी 1984 मध्ये मांडलेला ‘पाचाचा नियम’ इथे लागू पडतो. बांधतानाच नीट केलेल्या कामाला एक रुपया लागत असेल, तर ते टाळल्यावर देखभालीला पाच, दुरुस्तीला पंचवीस आणि संपूर्ण पुनर्बांधणीला सव्वाशे रुपये लागतात. आकडे ढोबळ आहेत, दिशा मात्र अचूक आहे.

भिंतीला ओल खालूनही येते. वीट आणि गिलाव्यातल्या सूक्ष्म नलिकांमधून जमिनीतले पाणी केशाकर्षणाने वर चढते, सोबत क्षार आणते आणि पृष्ठभागावर सुकते, तोच लोणा. जोत्यावर ओल अडवणारा थर नसेल तर रंग कितीही महाग असो, तो टिकत नाही. ब्रिटिश काळातल्या पुणे कॅम्पातल्या बंगल्यांना उंच जोते, रुंद व्हरांडे आणि लांब पागोळ्या असत. महाबळेश्वरला पावसाळ्याआधी भिंतींना बाहेरून गवताच्या झडपा बांधत. भिंत भिजूच द्यायची नाही, हे त्यामागचे तत्त्व आजही तितकेच लागू आहे.

शनिवार-रविवारी भाड्याने जाणाऱ्या व्हिलात आणखी एक अडचण असते: आठवड्याचे बाकीचे दिवस ती बंद असते. पृष्ठभागाजवळची आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास राहिली की बुरशीला रंग, गादी, चामडे, प्लायवूड काहीही चालते. एसीही घात करतो. हवा 25 अंशांवर आणि आर्द्रता 90 टक्के असेल, तर दवबिंदू 23 अंशांच्या वर असतो. एसीने त्याखाली गार झालेल्या भिंतीवर दार उघडताच बाहेरची हवा पाणी सोडते. म्हणून माणूस ठेवून रोज दोन तास पंखे चालू करणे आणि पाऊस थांबला की खिडक्या उघडणे हा खर्च वायफळ समजू नये.

वाळवीसाठी भारतीय मानक आयएस 6313 मध्ये बांधकामापूर्वीची आणि उभ्या घरातली, अशा दोन्ही प्रक्रिया दिल्या आहेत. पहिली कितीतरी स्वस्त पडते.

सगळ्यांत फसवा खर्च जलतरण तलावाचा. आठ बाय चार मीटरच्या, सरासरी 1.3 मीटर खोल तलावात सुमारे 41,600 लिटर पाणी मावते. लोणावळ्यात एका वर्षात याच तलावावर थेट आभाळातून सव्वा लाख लिटरहून अधिक पाणी पडते, म्हणजे त्याच्या तिप्पट. रसायने पातळ होऊन वाहून जातात. मे महिन्यात वेगळाच त्रास: स्थिरक न घातलेला मुक्त क्लोरीन कडक उन्हातल्या अतिनील किरणांनी तासाभरात निम्म्याखाली येतो. शिवाय क्लोरीनची ताकद पीएचवर अवलंबून असते. पीएच 7.5 ला निम्मा क्लोरीन जंतुनाशक हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, 8 ला जेमतेम एक चतुर्थांश. पीएच न मोजता डोळ्यांच्या अंदाजाने पावडर टाकणारा केअरटेकर दुप्पट क्लोरीन संपवतो आणि पाणी तरीही हिरवे होते. दीड अश्वशक्तीचा पंप रोज सहा तास चालला तर महिन्याला सुमारे 200 युनिट वीज लागते, पाहुणे असोत वा नसोत.

एकूण तरतुदीसाठी वर्षाला घराच्या किमतीच्या एक टक्का हा ढोबळ नियम प्रचलित आहे. पुण्यात तो जसाच्या तसा वापरला तर गोंधळ होतो, कारण किमतीचा मोठा भाग जमिनीचा असतो आणि जमिनीला देखभाल लागत नाही. हिशेब बांधकामाच्या खर्चावर करावा. समजा 2,000 चौरस फुटांचा बंगला आजच्या दराने 2,500 रुपये चौरस फुटाने बांधता आला, तर खर्च 50 लाख आणि तरतूद वर्षाला 50,000. घाटमाथ्यावर ती निदान दुप्पट धरावी. तलाव, माळी आणि पहारेकरी वेगळे.

करांची बाजूही पाहावी. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका मिळकतकरात 40 टक्के सवलत देते. भाड्याने दिलेल्या घराला ती मिळत नाही. घरभाड्याच्या उत्पन्नावर आयकरात दुरुस्ती-देखभालीसाठी 30 टक्के सरसकट वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च कितीही झाला तरी तेवढीच. आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. भाड्याचा आकडा ठरवण्याआधी गच्चीची चाचणी करून घ्यावी आणि मगच करारावर सही करावी.