गुडघ्याचे राखणदार

कबड्डीच्या मैदानावर गुडघा पिळवटून अस्थिबंध तुटला की घरच्यांना एकच प्रश्न पडतो : शस्त्रक्रिया कधी? वस्तुतः नडगीचे हाड पुढे सरकू न देण्याचे या अस्थिबंधाचे काम मांडीमागचे स्नायू काही अंशी पत्करू शकतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात, प्रथम केवळ व्यायाम दिलेल्या ५९ तरुणांपैकी ३६ जणांना दोन वर्षांत अस्थिबंधाची शस्त्रक्रिया करावी लागली नाही. तत्काळ शस्त्रक्रिया झालेल्यांच्या तुलनेत त्यांच्या गटाच्या त्रासात लक्षणीय फरकही आढळला नाही. अर्थात, ज्याचा गुडघा वारंवार निसटतो, त्याने दिरंगाई केल्यास सांध्यातील कूर्चेची गादी फाटण्याचा धोका असतो. मार्ग कोणताही असो, महिनोन्‌महिन्यांच्या व्यायामाला पर्याय नाही. शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढणारे घर व्यायामासाठी मात्र सवड काढत नाही, हेच खरे दुखणे आहे.