पुस्तक मिटा आणि सांगा!

परीक्षा जवळ आली की आपल्या वस्तीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "पोरगा अभ्यास करतो का हो?" उत्तरही ठरलेले असते. "करतो की! रात्री बारापर्यंत पुस्तक घेऊन बसलेला असतो." निकाल लागतो तेव्हा हाच मुलगा गणितात नाही तर विज्ञानात अडकलेला असतो. मग आईबाप कपाळाला हात लावून म्हणतात, "याला डोकंच नाही."

हे वाक्य आम्हाला फार लागते. डोके नाही असे सांगूनच आपल्या कित्येक पिढ्यांना शाळेच्या दाराबाहेर ठेवले गेले. तेच वाक्य आपणच आपल्या लेकराला ऐकवायचे, यासारखे दुर्दैव कोणते? पालकहो, मुलाला डोके आहे. अभ्यास कसा करायचा, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

आमचाच अनुभव सांगतो. आम्ही नोकरी करीत बी.कॉम. केले. पहिल्या वर्षी अकाउंट्समध्ये नापास झालो. पुस्तक तीनदा वाचले होते. सोडवलेली उदाहरणे बघून 'हे तर येते' असे वाटायचे. पण परीक्षेत ताळेबंदाच्या दोन बाजू काही केल्या जुळेनात. ऑफिसातील एक वडीलधारे सहकारी म्हणाले, "अहो, तुम्ही उदाहरणं वाचलीत, सोडवली कुठं?" तेव्हा डोळे उघडले. पुढच्या खेपेला पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर उदाहरणे सोडवली आणि पास झालो.

त्या सहकाऱ्यांचे म्हणणे पुढे संशोधनातही दिसून आले. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपल्या मुलाची परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते!

आईने घेतलेली परीक्षा

तुर्भ्याला आमच्या वस्तीत दहावीची एक मुलगी होती. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी, आई चार घरची धुणीभांडी करणारी. आईला अक्षरओळख नाही. मुलगी विज्ञानाला घाबरायची. आम्ही त्या माउलीला सांगितले, "ताई, संध्याकाळी भाकरी करताना पोरीला जवळ बसवा. पुस्तक मिटून धडा तुम्हाला सांगायला लावा. समजलं नाही तिथं थांबवा."

पहिल्याच दिवशी गुरुत्वाकर्षणाचा धडा निघाला. पृथ्वी सगळ्या वस्तूंना आपल्याकडे ओढते, असे पोरीने सांगितले. आई म्हणाली, "मग चंद्र का नाही पडत खाली?" पोरगी गप्प! धडा पाठ होता, पण समजला नव्हता. तिने पुस्तक उघडले, शोधले, दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना विचारले आणि संध्याकाळी आईला समजावून सांगितले. असे रोज चालले. मार्चमध्ये ती विज्ञानाच्या दोन्ही भागांत सहज सुटली. शिकलेले नाही म्हणून आम्ही काय मदत करणार, असे म्हणणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावे.

उजळणी कधी करावी?

जर्मनीतील एबिंगहाऊस या संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले की, पाठ केलेले सुरुवातीला भराभर विसरते आणि पुढे विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणून आज शिकलेला धडा उद्या आठवून पाहावा, मग तीनचार दिवसांनी, मग आठवड्याने आणि नंतर महिन्याने. दर वेळी दहापंधरा मिनिटे पुरतात. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून एवढे साधत नाही.

गणिताचे दोन भाग, प्रत्येकी ४० गुण आणि दोन तास. जुनी प्रश्नपत्रिका घ्यावी, घड्याळ लावावे आणि गाईड न बघता सोडवावी. चुकलेली गणिते वेगळ्या वहीत उतरवून आठ दिवसांनी पुन्हा करावीत. तेवढा वेळ मोबाइल आईच्या ताब्यात!

जागा नाही म्हणून

घर एका खोलीचे, त्यात टी.व्ही. आणि पाहुणे, ही आपली खरी अडचण. परळच्या चाळीतही बाबासाहेबांच्या कुटुंबाची हीच अडचण होती. रामजीबाबा लेकराला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग त्याला अभ्यासाला उठवून आपण झोपी जात. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. मुलांनी रोज दोनला उठावे असे आमचे म्हणणे नाही. पण बापाने आधी लेकराची झोप होऊ दिली आणि मग घर शांत असतानाची वेळ त्याच्यासाठी राखली, हे आपण घ्यावे. पुढे १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले गेले. परिस्थिती बघून सोय करणे, ते हेच.

आपणही सोय करू शकतो. विहारात संध्याकाळचे दोन तास मुलांसाठी राखून ठेवावेत. ऐरोलीला बाबासाहेबांच्या स्मारकात ग्रंथालय आहे, सुट्टीच्या दिवशी मुलांना तिथे न्यावे. घरी निदान एक तास टी.व्ही. बंद ठेवावा.

आणि आज रात्री जेवताना मुलाला 'किती वाचलंस?' असे विचारू नका. 'आज काय शिकलास, मला सांग बघू,' असे म्हणा. तो अडखळला तर रागावू नका. जिथे अडखळला, तिथून उद्याचा अभ्यास सुरू करायचा.