प्रकल्प व्यवस्थापन कक्ष : त्याचे कार्य आणि शिक्षकाचा वाटा

एखाद्या शाळेत नवी अध्यापनपद्धती आणणे हे एका उत्साही शिक्षकाच्या हातचे काम आहे. तीच पद्धती जिल्ह्यातील सर्व शाळांत एकाच वेळी आणावयाची झाल्यास मात्र केवळ उत्साह पुरत नाही. प्रशिक्षण जूनमध्ये झाले आणि साहित्य दिवाळीनंतर आले, तर प्रशिक्षणाचा बराचसा भाग तोपर्यंत विस्मरणात गेलेला असतो. येथे उणीव शिक्षकाच्या निष्ठेची नसून कामांची परस्परांशी सांगड घालण्याची असते. ही सांगड घालण्यासाठी जी लहानशी यंत्रणा उभारतात, तिला प्रकल्प व्यवस्थापन कक्ष असे म्हणतात.

‘निपुण भारत’ अभियानाचे उदाहरण घेतल्यास ही गोष्ट स्पष्ट होईल. हे अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. २०२६-२७ पर्यंत इयत्ता तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास समजपूर्वक वाचता यावे व पायाभूत संख्याज्ञान व्हावे, हे त्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. तिसरीच्या मुलाने मिनिटास किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात व लिहाव्यात, अशी अपेक्षा त्यात आहे. राष्ट्र, राज्य, जिल्हा, तालुका आणि शाळा अशा पाच पातळ्यांवर हे काम चालते. पातळ्या जितक्या अधिक, तितके दोन पातळ्यांमधील सांधे अधिक. आणि काम बहुधा सांध्याच्या ठिकाणीच अडते.

कक्षाचे स्वरूप लग्नघरातील कारभाऱ्यासारखे असते. स्वयंपाक आचारी करतो, मांडव मांडववाला घालतो, मुहूर्त भटजी सांगतात. कारभारी यांपैकी काहीच करीत नाही. परंतु यादी त्याच्या हाती असते आणि कोणाचे काम कोणामुळे खोळंबले आहे, हे त्यास ठाऊक असते. त्याचप्रमाणे कक्षाने शिकवावयाचे नसते आणि शिक्षणाधिकारी किंवा गटशिक्षणाधिकारी यांचे अधिकारही आपल्याकडे घ्यावयाचे नसतात.

असा कक्ष उभारताना प्रथम त्याचा हेतू, अधिकार व मुदत लेखी ठरवावी. कोणते प्रश्न कक्ष स्वतः सोडवील आणि कोणते वरिष्ठांपुढे नेईल, हे आरंभीच निश्चित नसेल तर पुढे त्याचे केवळ पत्रे पुढे पाठविणारे टेबल बनते. दुसरे, माणसे थोडी परंतु जाणती असावीत. वेळापत्रक सांभाळणारा एक, साहित्य व खर्च पाहणारा एक, आकडे तपासणारा एक आणि प्राथमिक वर्गांना अनेक वर्षे शिकविलेला निदान एक शिक्षक, एवढ्यांनी आरंभ करता येतो. यांतील शेवटचा माणूस नसेल, तर कागदावर सुबक दिसणारी योजना वर्गात टिकत नाही.

यानंतर कामांचा क्रम लावावा. प्रत्येक कामापुढे ते कोणी करावयाचे, केव्हा पुरे व्हावयाचे आणि त्यापूर्वी कोणते काम झालेले असले पाहिजे, या तीन गोष्टी लिहाव्यात. कळलेल्या अडचणींची नोंदवही ठेवावी व प्रत्येक अडचणीपुढे तिचे उत्तरदायित्व कोणाकडे व उत्तर कोणत्या तारखेस, हे नमूद करावे. अभियान संपताच नोंदी व जबाबदाऱ्या नित्याच्या यंत्रणेकडे सोपवून कक्षाने स्वतः विसर्जित व्हावे. कायमचा होऊन बसलेला कक्ष हा सुधारणेचा भाग न राहता भार होतो.

माहिती मागविणे हे कक्षाचे सर्वांत नाजूक कार्य होय. कोणताही तक्ता शाळेकडे धाडण्यापूर्वी कक्षाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. ही माहिती आधीच कोठे उपलब्ध आहे काय? हिच्या आधारे कोणता निर्णय घ्यावयाचा आहे? तो निर्णय शाळेस केव्हा कळविला जाईल? यांची उत्तरे देता येत नसतील, तर तो तक्ता धाडू नये. कारण तो भरण्यात गेलेला तास मुलांच्या वाचनाच्या वेळेतून गेलेला असतो.

तथापि, माहितीवाचून मोठे कार्य सिद्धीस जात नाही, हेही तितकेच खरे. भारतातील देवी निर्मूलनाच्या मोहिमेचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. १९७३ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेश व बिहारमध्ये प्रथमच गावोगाव शोध घेण्यात आला, तेव्हा सुमारे १० हजार रुग्ण आढळले. नित्याच्या अहवालांतून यांचा अल्पसा अंशच वर कळत असे. शोधपथके देवीच्या रुग्णाचे चित्र घेऊन शाळांतही जात आणि असा रोगी कोठे पाहिला काय, असे मुलांना विचारीत. गावाची खरी खबर मुलांकडे असे. आकडा वाढला म्हणून मोहीम फसली असे ठरले नाही. उलट, रोग कोठे आहे हे कळल्यामुळेच त्याला वेढा घालता आला. मे १९७५ मध्ये देशातील अखेरचा रुग्ण नोंदला गेला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त असल्याचे प्रमाणित झाले.

यातून शिक्षकाचा वाटा स्पष्ट होतो. वर्गातील ३२ मुलांपैकी ११ मुलांना वाचता येत नसेल, तर तक्त्यात ११ हाच आकडा लिहिला पाहिजे. संकोचाने किंवा भयाने तेथे २ लिहिले, तर साहाय्य दोन मुलांपुरतेच येईल आणि उरलेली नऊ मुले कागदावर वाचती होऊन वर्गात मुकी राहतील. मात्र असा खरा आकडा लिहिणाऱ्या शिक्षकास दोष न देता त्याच्याकडे प्रथम मदत पोहोचविणे, हे कक्षाचे व पर्यवेक्षकांचे कर्तव्य होय. एका शिक्षकास खरे लिहिल्याबद्दल ठपका मिळाला, तर पुढील महिन्यात संपूर्ण केंद्राचे तक्ते निर्दोष येतील आणि त्यांतील एकावरही विश्वास ठेवता येणार नाही.

म्हणून कक्ष चांगला चालला की नाही, याची परीक्षा त्याच्या भिंतीवरील आलेखांवरून करू नये. केंद्राच्या बैठकीत शिक्षकाने मांडलेल्या अडचणीस ठरलेल्या तारखेस उत्तर आले काय, आणि त्या उत्तराने तिसरीतील मूल एक पान पुढे वाचू लागले काय, एवढेच पाहावे.