घटोत्कच नसलेलं युद्ध

कर्णाने वासवी शक्ती अर्जुनासाठी राखून ठेवली होती. अस्त्र एकदाच वापरता येणारं, हिशेब एकाच शत्रूचा. युद्धाच्या चौदाव्या रात्री घटोत्कच पुढे आला, त्याच्या मायावी लढाईने कौरवसेनेची दाणादाण उडाली आणि ती शक्ती त्याच्यावरच खर्ची पडली. शत्रू वेगळा आला की सगळी आखणी नव्याने मांडावी लागते. महानायकांच्या ऑनलाइन खेळांचा खरा रस इथेच आहे. खेळाडू आपल्या पात्रासाठी शक्ती निवडतो, त्या एकमेकींना जोडतो, एक वाढवायची तर दुसरी सोडतो. या जुळणीला खेळणारे ‘बिल्ड’ म्हणतात. अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावी असे खेळ संगणकावरून क्वचितच पोचले. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि अंगी अचाट शक्ती असलेली पात्रं साध्या मोबाइलवर ‘फ्री फायर’ या खेळातून आली. पण आली ती घटोत्कचाशिवाय. समोर फक्त आपल्यासारखेच खेळाडू. माझं म्हणणं असं की, शत्रूंचे प्रकार संपले की नायकांचे प्रकारही संपतात.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा एप्रिल २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘सिटी ऑफ हीरोज’ या खेळात मिळतो. क्रिप्टिक स्टुडिओजने तो बनवला, एनसीसॉफ्टने चालवला. सुरुवातीला नायकांचे पाच वर्ग होते: दुरून मारा करणारा ब्लास्टर, जवळून भिडणारा स्क्रॅपर, अंगावर मार झेलणारा टँकर, शत्रूला जागच्या जागी खिळवणारा कंट्रोलर आणि साथीदारांना सावरणारा डिफेंडर. नुसता मारा मोजला तर डिफेंडर मागे पडतो. तरीही तो हवाहवासा वाटे, कारण शत्रूंच्या टोळ्या एका साच्यातल्या नव्हत्या. ‘फ्रीकशो’मधले दांडगे गडी पडूनही पुन्हा उठत. ‘त्सू’ टोळीचे मांत्रिक जागा बदलत आपल्या जखमी सोबत्यांना बरं करत. त्यांना आधी गाठलं नाही तर लढाई संपतच नसे. ‘माल्टा’ टोळीचा सॅपर तर नायकाची शक्ती वापरण्याची ऊर्जाच शोषून घेई. कितीही बलाढ्य बिल्ड असो, ऊर्जा शून्यावर आली की नायक नुसता उभा राही. अशा वेळी सॅपरला लांबूनच खिळवून ठेवणारा कंट्रोलर तुकडीत आहे का, यावर सगळं ठरे.

२००५ मध्ये याच खेळात खेळाडू विरुद्ध खेळाडू, म्हणजे पीव्हीपी आलं आणि अडचण उघडी पडली. संगणकाने चालवलेल्या शत्रूला खिळवून ठेवलं तर त्याला कंटाळा येत नाही, राग येत नाही. माणसाला खिळवलं तर तो बटणं दाबत हताश बसतो. शत्रू हरण्यासाठीच घडवलेला असतो. माणूस हरायला आलेला नसतो. त्यामुळे ज्या शक्तींनी खेळाला रंग चढतो, त्याच समोरासमोरच्या लढतीत अन्याय ठरतात. डिसेंबर २००८ मधल्या तेराव्या मोठ्या बदलात कंपनीने पीव्हीपीसाठी निराळे नियम लावले: खिळवण्याचा काळ घटवला, पळण्या-उडण्याला लगाम घातला, एकाच गुणाची भर घालत गेल्यास त्याचा लाभ कमी कमी होईल अशी सोय केली. हेतू न्यायाचा होता. पण वर्गावर्गातले फरक बोथट झाले आणि बरेच जुने पीव्हीपी खेळाडू नाराज होऊन निघून गेले.

‘फ्री फायर’मध्ये हीच गोष्ट अधिक ठळक दिसते. सामन्यात ५० जण उतरतात, दहाएक मिनिटांत निकाल लागतो. प्रत्येकाला वापरायची एक शक्ती आणि आपोआप चालणाऱ्या तीन, अशी जुळणी करता येते. पोरं त्याला ‘कॅरेक्टर कॉम्बिनेशन’ म्हणतात. कागदावर जुळण्या अगणित. पण डिसेंबर २०२० मध्ये क्रोनो हे पात्र आलं. त्याच्या कवचाबाहेरची गोळी आत येत नसे, आतून मात्र बाहेर मारता येई. मग दुसरं काही निवडण्यात अर्थ उरला नाही. पुढे त्याची ताकद पुन्हा पुन्हा कमी करावी लागली. आता यातला पैशाचा भाग. सगळ्यांच्या हाती तेच पात्र असताना आपल्याकडे ते नसणं म्हणजे हार, आणि अशी पात्रं बऱ्याचदा डायमंड, म्हणजे खेळातलं चलन, मोजून घ्यावी लागत. शेतमजुराच्या घरातल्या मुलावर तो दबाव केवढा असेल, हे खेळ बनवणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवं.

यावर कोणी म्हणेल, माणसाइतका विविध शत्रू दुसरा कोणता? डावपेचांपुरतं हे खरं आहे, आणि जिवंत माणसाला हरवण्याची झिंग यंत्राला हरवण्यात नाही हेही मान्य. पण बक्षीस एकाच गोष्टीला असेल तर हजार माणसं हजार वाटांनी गेली तरी त्याच बिल्डवर येऊन थांबतात. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो वजनदार आहे. प्रत्येक नवा शत्रू रेखाटावा, हलता करावा, त्याची चाल बसवावी लागते. माणूस मात्र फुकट येतो आणि दुसऱ्याचा शत्रू होतो. तरी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या छोट्या चमूने २०२० मध्ये ‘राजी’ काढला. दुर्गेचा त्रिशूळ आणि विष्णूचं धनुष्य घेऊन भावाला शोधणाऱ्या मुलीपुढे त्यांनी असुर उभे केले. तो एकट्याने खेळायचा खेळ, पण आपल्या पुराणांत शत्रूंची खाण आहे हे त्याने दाखवलं. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये ‘इंडस’ आणला. रूप भारतीय, मात्र गाभा पुन्हा खेळाडूंनी एकमेकांना संपवण्याचाच.

‘सिटी ऑफ हीरोज’ ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद झाला. चाहत्यांनी २०१९ पासून तो स्वतःच्या सर्व्हरवर पुन्हा चालवला आणि जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टने त्यांच्यातल्या ‘होमकमिंग’ या सर्व्हरला रीतसर परवाना दिला. म्हणजे अशा खेळाची ओढ टिकून आहे. घरातलं पोर मोबाइलवर खेळत असेल तर किती वेळ खेळलास, हे विचाराच. पण समोर किती तऱ्हेचे शत्रू येतात आणि प्रत्येकासाठी तुला काय वेगळं करावं लागतं, हेही विचारा.