मुंबईच्या कापड बाजारात जाताना

रमजान ईद व लग्नसराई जवळ आली की पनवेल, तळोजे, उरण भागातील आपले दुकानदार व शिंपी बांधव मालासाठी मुंबई गाठतात. दिवसभर पायपीट होते आणि घरी येऊन ताका मोजला की हिशोब जुळत नाही. भांडवल थोडे असेल तर एवढा तोटाही सारा हंगाम खाऊन टाकतो. म्हणून काही कामाच्या गोष्टी आम्ही येथे देत आहोत.

पनवेलहून हार्बर लोकलने मशीद स्टेशनला उतरावे. पश्चिमेला बाहेर पडून मोहम्मद अली रोड ओलांडला की शेख मेमन स्ट्रीटचा बाजार पायी गाठता येतो. मूळजी जेठा मार्केट हे ठोक व्यापाराचे. ड्रेस मटेरियल, अस्तर किंवा थोडा माल हवा असेल तर मंगळदास मार्केट बरे. रविवारी दोन्ही बंद असतात. जवळच जामा मशीद आहे. १८०२ साली पूर्ण झालेली ही मशीद कोकणी मुसलमानांची आहे. जोहरची नमाज तेथे अदा करून, थोडी विश्रांती घेऊन पुन्हा बाजारात जाता येते.

पहिल्याच दुकानात सौदा करू नये. तीन-चार ठिकाणी भाव विचारावा आणि भावाबरोबर पन्हाही विचारावा. समजा, ३६ इंच पन्ह्याचे कापड १०० रुपये मीटर आहे. शर्टाला सव्वादोन मीटर लागले तर २२५ रुपये झाले. ५८ इंच पन्ह्याचे कापड १३० रुपये मीटर असले तरी १.६० मीटर पुरते, म्हणजे २०८ रुपये. स्वस्त दिसणारा माल महाग पडतो तो असा.

दुसरी गोष्ट फोल्डची. ताक्याची घडी पुरी १०० सेंटिमीटरची आहे की ९८ ची, हे टेप लावून पाहावे. १०० घड्यांच्या ताक्यात २ मीटर कमी, म्हणजे १० ताक्यांत २० मीटर गेले. अडीच मीटरच्या हिशोबाने ८ कुर्ते झाले! फोल्ड कमी असेल तर भाव त्याप्रमाणे ठरवावा.

‘प्युअर कॉटन’ म्हटले की दोन धागे काढून जाळून पाहावेत. सुताला जळक्या कागदाचा वास येतो व राख मऊ होते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते.

रोखीचा व उधारीचा भाव वेगवेगळा विचारावा. वायदा चुकला की काही ठिकाणी व्याज लावतात. त्या फंदात पडण्यापेक्षा ऐपतीइतकाच माल रोखीने घेतलेला बरा. पक्के बिल घ्यावे व त्यावर पन्हा, मीटर व फोल्ड लिहून घ्यावा. जीएसटीची नोंदणी असेल तर आपला नंबरही घालावा. कच्च्या चिठ्ठीवर खराब ताका परत करणे फार अवघड जाते.

बाजारात मोजून घेतले तरच आपल्या गिऱ्हाइकाला पुरे माप देता येते. पुऱ्या मापाच्या धंद्यातच बरकत आहे.