एक बोकड आणि सात हजार पाचशे कोटी कोंबड्या

आधी खांदमळणी, मग पोळा, दुसऱ्या दिवशी कर. झरी जामणीकडच्या एखाद्या गावात करीच्या दिवशी बोकड कापला जातो. यवतमाळ जिल्ह्यातला हा पैनगंगेकाठचा तालुका, नदी ओलांडली की तेलंगणा. उभ्या पंचवीस किलोच्या बोकडाचं मटण निघतं बाराएक किलो, म्हणजे अर्ध्या किलोचे चोवीस वाटे. बोकड कोणाचा, कोणाच्या बांधावर चरला, कोणाच्या वालाच्या वेलावर तोंड मारून शिव्या खाल्ल्या, हे चोविसांपैकी निदान वीस घरांना ठाऊक असतं. मुंडी कुठे जायची, पाये कुठे, वजडी कुठे, तेही आधीच ठरलेलं. वाया काय जातं? जवळपास काहीच नाही.

हा आकडा लक्षात ठेवा. एक. पुढे गरगरायला लागलं की याच आकड्याला धरून उभं राहायचं आहे.

आता त्याच गावाच्या शिवारात चला. सोयाबीन उभं आहे. कोरडवाहू एकरात पाच क्विंटल धरू. गिरणीत तेल निघून गेलं की उरते ढेप, क्विंटलमागे ऐंशी किलोच्या आसपास. पाच क्विंटलची झाली चारशे किलो. ही बहुतेक कोंबडीखाद्यात जाते. एक ब्रॉयलर जन्मभरात साडेतीन किलो खाद्य खातो, त्यात सोयाढेप किलोभर, बाकी बराचसा मका. म्हणजे एक एकर, चारशे कोंबड्या! ज्या शेतकऱ्याने आयुष्यात ब्रॉयलर पाळला नाही, कदाचित माळकरी म्हणून खाल्लाही नाही, तोही दर हंगामाला चारशे कोंबड्यांच्या जेवणात वाटेकरी.

आणि जन्मभर म्हणजे किती? चाळीस दिवस. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा बेचाळीस ग्रॅमचं असतं, चाळिसाव्या दिवशी दोन किलोच्या पुढे. पन्नासपट! आपल्या घरातलं तीन किलोचं बाळ या वेगाने वाढलं असतं तर बारशाला पाळणा मोडला असता आणि चाळिसाव्या दिवशी आईने दीडशे किलोचा पैलवान मांडीवर घेतला असता.

पाण्याचा हिशेब करू या. जागतिक सरासरीने एक किलो चिकनमागे ४,३०० लिटर पाणी जातं. त्यातलं बहुतेक खाद्याच्या पिकावर पडलेला पाऊस, हे खरं, पण पाणी ते पाणीच. वीस फूट रुंद विहिरीत वीस फूट पाणी असलं तर ते होतं पावणेदोन लाख लिटर. चिकनच्या भाषेत एकेचाळीस किलो. दोनशे पानांचं जेवण घाला, एक विहीर संपली.

ही झाली गावातली गणितं. आता पट्टा बांधून घ्या.

जगात वर्षाला खाण्यासाठी मारल्या जाणाऱ्या कोंबड्या साधारण ७,५०० कोटी. या आकड्याकडे नुसतं बघून काही होत नाही, तो फोडावा लागतो. दिवसाला साडेवीस कोटी. सेकंदाला जवळजवळ २,४००. हे वाक्य वाचायला तुम्हाला चार सेकंद लागले असतील, तेवढ्यात साडेनऊ हजार गेल्या. डेक्कन क्वीन पुण्याहून सुटून मुंबईला पोचेपर्यंत अडीच कोटींच्या वर. आणि विहिरी? मघाचं गणित लावा: सेकंदाला शंभरेक विहिरी!

एका दिवसाच्या कोंबड्या एकामागे एक उभ्या करू, प्रत्येकीला एक फूट जागा. रांग साठ हजार किलोमीटरच्या वर जाते. मुंबई-पुणे चारशे वेळा. पृथ्वीला दीड वेढा. ही एका दिवसाची. वर्षाची रांग सव्वादोन कोटी किलोमीटर, म्हणजे चंद्रावर जाऊन परत, असं एकोणतीस वेळा.

समजा आपल्याला वाईट वाटलं आणि दर कोंबडीमागे, माफ कर बाई, म्हणून एक रुपयाचं नाणं ठेवायचं ठरवलं. नवं नाणं तीन ग्रॅमच्या थोडं वर भरतं. वर्षाची नाणी सव्वादोन लाख टनांच्या पुढे! वणीच्या खाणींतून कोळसा घेऊन निघणारी मालगाडी चार हजार टनांची धरली, तर नुसत्या सुट्ट्या पैशांनी भरलेल्या जवळपास साठ मालगाड्या लागतील.

आणि या झाल्या फक्त कोंबड्या. जगाचं सगळं मांस मिळून वर्षाला ३६ कोटी टन. याच मालगाड्यांत भरलं तर रोज अडीचशे गाड्या, दर सहा मिनिटांना एक, रात्रीसुद्धा. भारताचं २०२३-२४ मधलं मांस उत्पादन एक कोटी अडीच लाख टन. रोजच्या सात गाड्या आपल्या.

आता तुलनेला रानातला शिकारी घेऊ. झरी जामणीच्या शेजारी, पांढरकवड्याकडे, टिपेश्वर अभयारण्य आहे. तिथला एक वाघ २०१९ मध्ये रेडिओ कॉलर गळ्यात घेऊन निघाला आणि तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. मुंबई-पुणे जवळपास नऊ वेळा, पायी. वाटेत भूक लागेल तशी शिकार. या भागात वाघाने गाय मारली की गावभर बोलणं होतं, पंचनामा होतो, बातमी छापून येते. वाघ मारतो तरी किती? आठवड्याला एक मोठं जनावर, वर्षाला पन्नास. भारतात २०२२ च्या गणनेनुसार ३,६८२ वाघ. सगळ्यांची वर्षभराची शिकार १ लाख ८४ हजार.

माणसाला तेवढ्या कोंबड्या मारायला किती वेळ लागतो? सत्त्याहत्तर सेकंद. देशभरच्या वाघांचं पूर्ण वर्ष, आपलं सव्वा मिनिट!

आता काटा आणा. जमिनीवरचे सगळे रानटी सस्तन प्राणी एका पारड्यात घालू: हत्ती, गवे, हरणं, रानडुकरं, वाघ, जगात उरलेले झाडून सारे. वजन भरतं दोन कोटी टन. दुसऱ्या पारड्यात आपली पाळीव गुरंढोरं, शेळ्यामेंढ्या, डुकरं. ६३ कोटी टन. एकाला तीस! रानाची मालगाडी साधारण काश्मीर ते कन्याकुमारी पुरेल, पाळीव जनावरांची एक लाख किलोमीटर, पृथ्वीला अडीच वेढे. आणि हे वाचून मी स्वतः खुर्चीत सावरून बसलो: जगातल्या नुसत्या कुत्र्यांचं वजनच त्या सगळ्या रानाच्या बरोबरीला येतं.

इथवर मला मौज वाटत होती. पुढच्या आकड्याला वाटली नाही.

नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ सालच्या आकड्यांवरून हिशेब मांडला, की वर्षाला १,८०० कोटी जनावरं आणि पक्षी असे जातात की त्यांचं मांस कोणाच्याही पोटात जात नाही. वाटेत मेलं, गोदामात नासलं, फ्रिजमध्ये विसरलं, ताटात टाकलं. दिवसाला पाच कोटी. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातली सारी गुरंढोरं, शेळ्या, मेंढ्या आणि त्यावर सगळ्या कोंबड्या मिळून पावणेअकरा कोटींच्या आसपास होत्या. म्हणजे आपलं अख्खं राज्य रिकामं व्हायला सव्वादोन दिवस पुरले असते, आणि खाल्लं कोणी नसतं. मारून खाणं योग्य की अयोग्य, यावर माणसं पिढ्यान् पिढ्या भांडली आहेत, भांडोत. मारून फेकून देणं, याची बाजू घेणारा कोणी मला अजून भेटलेला नाही.

वजडीचाही वाटा ठरलेला तो बोकड आठवतो ना? एक. धरून ठेवा.

कारण याच मातीत आणखी एक आकडा आहे, ७५०. झरी जामणी हा गोंड, कोलाम, परधान यांचा तालुका. गोंडी परंपरा सांगते की पहांदी पारी कुपार लिंगो यांनी समाजाची ७५० गोत्रं बांधून दिली आणि दर गोत्राकडे एक पशू, एक पक्षी, एक झाड राखायला सोपवलं. आपल्या वाट्याचा जीव मारायचा नाही, खायचा नाही. बाकीचे खाऊ शकतात, त्यांनी त्यांचे राखायचे. गुणा: २,२५० प्रकारचे जीव, प्रत्येकाला कोणीतरी वाली. आणि हे लोक शाकाहारी मुळीच नाहीत, देवाला बोकड-कोंबडं चढतंच. राखणं आणि खाणं एकाच घरात नांदतं.

जगाच्या त्या ७,५०० कोटी कोंबड्या ७५० गोत्रांत वाटल्या, तर दर गोत्राच्या माथी वर्षाला दहा कोटी येतात. लिंगोंनी असा भागाकार करायची वेळ येईल असं धरलं नसावं.

पुढच्या वेळी मटण आणायला जाल तेव्हा खाटीकदादांना विचारा, बोकड कुठल्या गावचा? तालुक्याच्या बाजारात बहुधा गावाचं नाव मिळेल, कधी धन्याचंही. मग ब्रॉयलरच्या दुकानात हाच प्रश्न विचारा, आणि काय उत्तर आलं ते मला नक्की कळवा.