इवलंसं पोट, अब्जावधी पाहुणे!

माहीत आहे का? पेटीत ठेवलेल्या, तळहातावर मावेल एवढ्या बाळाला काही एनआयसीयूंमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांत, रोज जंतू पाजतात. मुद्दाम! तेही अब्जांच्या हिशोबात! घाबरू नका, हे प्रोबायोटिक्स, जंतूंमधली 'गुड बॉइज' गँग.

32 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचं आतडं कच्चं असतं. व्हिलनचं नाव एनईसी: आतडं सुजतं, सडतं, कधी भोकही पडतं. मग डॉक्टरांची आयडिया काय? लोकलमध्ये रुमाल टाकून सीट धरतात ना, तशी चांगल्या जंतूंनी जागा आधीच अडवायची.

या गँगचा स्टार सापडला कुठे? बाळाच्या शीमध्ये! 1899 साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंरी तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीत 'वाय' आकाराचे जंतू दिसले. तेच आपले बायफिडोबॅक्टेरिया. शी म्हणून नाक मुरडू नये, ते असं!

आता खरी धमाल. इंग्लंडमध्ये 24 हॉस्पिटलांतल्या तेराशेहून जास्त बाळांवर चाचणी झाली. निम्म्यांना एक बायफिडो जंतू, निम्म्यांना नुसतीच नकली पूड. 2016 साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: फायदा शून्य. उत्साहावर विरजण! पण थांबा, विरजण खरोखरच लागलं होतं, भलत्याच भांड्यात. नकली पूड घेतलेल्या बाळांची शी तपासली, तर दोन आठवड्यांतच तिसऱ्या हिश्शाहून जास्त बाळांमध्ये तोच जंतू हजर! शेजारणीनं वाटी न पाठवताच दही लागलं म्हणा ना. आता तुलना करायची कुणाशी?

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या 1,099 बाळांपैकी साधारण निम्म्यांना तीन जंतूंचं मिक्स दिलं, तर एनईसी बाकीच्यांत 4.4 टक्के, यांच्यात 2 टक्के. म्हणजे कंपनी कोणाची, यावर बरंच काही!

मग सगळ्यांना सरसकट द्यायचं का? इथे जगाचे दोन तट. जागतिक आरोग्य संघटना 2022 मध्ये म्हणाली: आईचं किंवा दात्या आईचं दूध पिणाऱ्या, 32 आठवड्यांआतल्या बाळांसाठी विचार करायला हरकत नाही. अमेरिकेच्या एफडीएनं 2023 मध्ये थेट इशाराच दिला, कारण एका बाळाच्या जिवावर बेतलेला जंतू त्याला पाजलेल्या प्रोबायोटिकमधलाच निघाला. तेव्हा आजीबाई, ताकाचा चमचा खाली ठेवा. हा डॉक्टरांचा प्रांत!

आणि आईचं दूध? त्यात अशा काही साखरा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. मग कुणासाठी? जंतूंसाठी! आई एकाच वेळी दोन पंगती वाढते.

आणि आईचं दूध मिळालंच नाही तर? दात्या आयांच्या दुधाची पेढी! आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी आपल्या मुंबईची, माहीत आहे का? 1989, सायन हॉस्पिटल. दात्या आयांचं दूध पाश्चराइज होतं: 62.5 अंश, 30 मिनिटं. जंतू खल्लास, चांगले-वाईट जवळपास सगळेच. साखरा मात्र जशाच्या तशा. पानं वाढलेली, जेवणारेच गायब!